मैदानाकडे पाठ करून

सुभेदार आम्हाला सोडून का गेले, याबद्दल इंदूरच्या पाटनीपुऱ्यातल्या आमच्या चहाच्या दुकानावर अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, ते गद्दार निघाले. दुसरा म्हणतो, त्यांच्यासारखा माणूस मिलला मिळाला हेच नशीब. मी सोमवारी एका बाजूला असतो आणि मंगळवारी दुसऱ्या. लोकांना वाटतं, मला भांडण नको म्हणून मी असं करतो. पण खरं सांगतो, मला अजून कळलेलंच नाही.

ते आमच्या कापड मिलच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते आणि मिलच्या गेटवर सिक्युरिटीचे प्रमुख म्हणून लागले होते. राहायचे महूला. रोज सकाळच्या छोट्या गाडीने, म्हणजे मीटरगेजने, इंदूरला यायचे, स्टेशनवर ठेवलेली सायकल काढायचे आणि भोंगा व्हायच्या आत गेटवर हजर. मॅनेजर हा शब्द मोठा आहे. गेंदेत हवा भरण्यापासून मैदानावरचे खडे वेचण्यापर्यंत सगळं तेच करायचे. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, मी टाइम ऑफिसात क्लार्क असल्यामुळे मला ते माहीतही होतं, पण नावाने हाक मारलेली कोणाला आठवत नाही. सगळ्यांचे ते सुभेदार. हिंदीवाल्यांचे सुभेदारसाब.

त्यांची पहिली विचित्र गोष्ट ही, की ते मॅच बघत नसत. मॅच सुरू झाली की मैदानाकडे पाठ करून, हात मागे बांधून, आमच्याकडे तोंड करून उभे राहत. आम्ही म्हणजे दोरीच्या मागे बसलेले मिलवाले. नव्वद मिनिटं हा माणूस आमची तोंडं बघत असे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हे पब्लिकवर पहारा करायला उभे केलेले शिपाई आहेत. एकदा बँकेच्या टीमच्या साहेबांनी त्यांना विचारलं होतं की असं का. सुभेदारांचं म्हणणं असं, की गेंद एका वेळी एकाच ठिकाणी असते, तिकडे बघून काय कळणार. पण कोण थकलाय, कोण घाबरलाय, कुठे जागा मोकळी पडलीय, हे लोकांच्या तोंडावर आधी उमटतं. ते आमच्याकडे बघता बघता मध्येच मान न वळवता ओरडत, "ए ब्लीचिंग, मागे ये." आणि खरंच ब्लीचिंगवाला फार पुढे गेलेला असे.

खेळाडूंना ते नावाने नाही, खात्याने हाक मारत. स्पिनिंग, वीविंग, ब्लीचिंग, फोल्डिंग. वीविंगचे तिघे होते, तर थोरला वीविंग, मधला वीविंग आणि धाकटा. माझा धाकटा भाऊ विनायक, आमचा विन्या, फिटर म्हणून वर्कशॉपमध्ये होता आणि डाव्या बाजूने खेळायचा. त्याला ते 'वर्कशॉप' म्हणत. एकटा गोलकीपर सलीम तेवढा सलीम होता. तो डाइंगमध्ये होता, पण त्याला कधी 'डाइंग' म्हटलं नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, गोलकीपर एकटा असतो, त्याला नाव पाहिजे.

मॅचच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. हेडर सटकतो म्हणून. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवून ते बोटं हुंगत. तेल सापडलं तर नळाखाली उभं करून साबणाने डोकं धुवायला लावत, मग थंडी असो की काही असो. हरल्यावर मात्र एका शब्दाने बोलत नसत. हरलेल्या टीमला ते दुकानावर आणून गरम जिलबी खायला घालत. जिंकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पळवत. आमचे जगदीश भिया म्हणायचे की या हिशेबाने हरलेलंच बरं. जगदीश भिया (इंदुरात भैयाचं भिया होतं) साच्यावरचे, म्हणजे मागावरचे, कामगार, आमच्या दुकानावरचा सगळ्यात मोठा आवाज. मॅच असली की साचा दुसऱ्याच्या हवाली करून येत. घरची भाषा मालवी, पण मराठी शेजारात वाढल्यामुळे आमच्याशी मराठीच बोलत, आणि भांडायचं असलं की हिंदी.

ज्या वर्षाची मी गोष्ट सांगतोय, त्या वर्षी मिलचं काही खरं नव्हतं. कधी कापूस नाही म्हणून पाळी बंद, कधी वीज कापली म्हणून. पगार पुढे ढकलला जायचा. पेपरात रोज नवं धोरण, बाहेरच्या कंपन्या, पिथमपूरला उभ्या राहणाऱ्या फॅक्टऱ्या यांच्या बातम्या यायच्या, आणि आम्ही त्या दुसऱ्या कुठल्या देशाच्या असाव्यात तशा वाचून पेपर घडी करून ठेवायचो. आमचे आजोबा संस्थानात कारकून होते, वडील मिलमध्ये क्लार्क, मी मिलमध्ये क्लार्क. संस्थान गेलं तसं मिलही जाऊ शकते, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

आणि त्याच वर्षी आमची टीम लीगच्या फायनलला पोहोचली. कित्येक वर्षांनी. चिमणबागेच्या मैदानावर अर्धी मिल लोटली होती. सेकंड हाफ संपत आला तरी गोल नाही. सलीमने दोन वेळा अंग झोकून गेंद बाहेर काढली होती, त्याचं कोपर फुटलं होतं. सुभेदार नेहमीसारखे पाठ करून उभे, नजर आमच्यावर. मग विन्याने डावीकडून गेंद आत टाकली आणि मधल्या वीविंगने डोक्याने ती जाळ्यात घातली. आम्ही सगळे उठलो. जगदीश भियांनी शेजारच्या अनोळखी माणसाची टोपी काढून हवेत फेकली. मैदानावर पोरं एकमेकांवर पडली होती, आणि एकटा तो माणूस गोलकडे न बघता आमच्याकडे बघत उभा होता. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मला तेव्हा वाटलं, आनंद झालाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना पळायला बोलावलं होतं. सगळे गेले. सुभेदारांनी पळवलं, गेंदा आत ठेवल्या, खोलीला कुलूप लावलं, किल्ली गेटवरच्या वॉचमनला दिली आणि सायकल घेऊन स्टेशनकडे गेले. ते परत आलेच नाहीत.

पहिले काही दिवस आम्ही आजारी असतील म्हणालो. मग पिथमपूरहून कोणीतरी बातमी आणली. सुभेदार तिथल्या एका नव्या फॅक्टरीत सिक्युरिटीवर लागलेत, तिची नवी टीम त्यांनी हातात घेतलीय, आणण्या-नेण्याला जीप येते. जीपचं सगळ्यात जास्त लागलं. जगदीश भिया दिवसभर एकच वाक्य म्हणत होते, "सायकलवर आला माणूस, जीपमध्ये गेला." कोणी म्हणालं, मिलच्या साहेबांशी वाजलं असेल. कोणी म्हणालं, महूच्या घराहून पिथमपूर जवळ पडतं, वय झालं, एवढंच. सगळी कारणं खरी वाटायची आणि एकही पुरेसं वाटायचं नाही. मला सगळ्यात जास्त हे खुपत होतं, की निरोपाचे दोन शब्द नाहीत. इतकी वर्षं जो माणूस आमची तोंडं वाचत होता, त्याला आमचं तोंड बघावंसं वाटलं नाही?

पुढच्या हंगामात त्यांची टीम आमच्याशी खेळायला चिमणबागेवर आली. जगदीश भियांनी तयारी केली होती. काळी फडकी आणली होती, कोणी काय ओरडायचं ते ठरलं होतं. सुभेदार जीपमधून उतरले, डोक्याला कंपनीची टोपी. आणि सरळ आमच्या टीमकडे गेले. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं हुंगू लागले. सलीमने मान खाली केली. विन्यानेही केली. धाकट्या वीविंगच्या डोक्याला तेल होतं, तर त्याला नळाकडे बोट दाखवलं, आणि तो मुकाट गेला. दुसऱ्या टीमच्या मॅनेजरच्या सांगण्यावरून आमचा पोरगा डोकं धुतोय, हे बघून काय करावं ते आमच्या पब्लिकला कळेना. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी शिट्ट्या मारून हुर्यो केली. जगदीश भियांनी दोन्ही केलं, आणि नंतर विचारलं तर दोन्ही नाकारलं.

मॅच सुरू झाली आणि सुभेदार खुर्चीत बसले. मैदानाकडे तोंड करून, चारचौघांसारखे. पूर्ण मॅच त्यांनी आमच्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही. एक-एक गोलवर बरोबरी झाली.  घरी येताना जगदीश भिया एवढंच म्हणाले की काळी फडकी बायकोने भांडी पुसायला मागितलीत, देऊन टाकतो.

त्यानंतर काही महिन्यांनी पिथमपूरहून निरोप आला. सुभेदारांच्या फॅक्टरीत आमच्या टीममधल्या चौघांना नोकरी होती. कायमची. थोरला वीविंग, ब्लीचिंग, फोल्डिंग आणि आमचा विन्या. आई देवापुढे साखर ठेवून आली. मी विन्याचे बूट पिशवीत भरले आणि लक्षात आलं की यात सलीमचं नाव नाही. सलीम आमचा सगळ्यात चांगला खेळाडू होता, यात कोणाचं दुमत नव्हतं. विन्या खेळाडू बरा होता, बस इतकंच.

चौघे गेले आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत मिलच्या गेटला टाळं लागलं. कामगार महिनोनमहिने गेटसमोर मांडव घालून बसले, मग मांडवही गेला. आमच्या घरी चूल पेटत होती ती विन्याच्या पगारावर. मला कापड मार्केटमध्ये एका दुकानात लिहायचं काम मिळायला वेळ लागला. जगदीश भिया गल्लीत भाजीचा ठेला लावू लागले. सलीमने परदेशीपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक पेटी, एक पंप आणि पाण्याची कढई.

चहाच्या दुकानावर आता नवा वाद लागला. चौघांना नेऊन सुभेदारांनी टीम मोडली की चार घरं वाचवली? आणि हेच चौघे का? कोणी म्हणालं, मराठी बघून घेतले. पण फोल्डिंग बिहारचा होता. कोणी म्हणालं, आयटीआय झालेले घेतले. पण ते एकट्या विन्याकडेच होतं. कोणी म्हणालं, ज्यांचं दुसरीकडे जमणार नाही त्यांना नेलं. हे ऐकून विन्याला राग आला असता, पण तो दुकानावर येईनासाच झाला होता. पिथमपूरच्या टीमकडून तो एक हंगाम खेळला आणि गुडघा दुखतो म्हणून खेळ सोडला. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. त्याची सायकल पंक्चर झाली तर तो ती ढकलत पार मालवा मिल चौकापर्यंत नेई, पण सलीमकडे जात नसे.

शेवटी मी महूला गेलो. रविवार होता. सुभेदार अंगणात स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. त्यांच्या बायकोने मला आत बसवलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली त्यांच्या वडिलांचा पलटणीतला फोटो होता. चहा झाला. सुभेदारांनी विन्याच्या डाव्या पायाची चौकशी केली. मी म्हटलं, "सुभेदार, आम्हाला सोडून का आलात, तेवढं सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "मी गेटवर होतो. सहा महिने झाले होते, आत जवळजवळ काही येत नव्हतं. ना कापूस, ना कोळसा. बाहेर मात्र ट्रक चालले होते, मशिनांचा लोखंडी माल भरून. मी ते तपासून सोडत होतो. मला कळलं होतं की आता ही मिल उरत नाही."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

ते माझ्याकडे बघत राहिले, मॅचला बघत तसे. म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही फायनल बघितली असती?"

  मी हे नंतर जगदीश भियांना सांगितलं, कोणाला सांगणार नाही म्हटलं होतं तरी. ते ठेल्यावरची वांगी उलटीपालटी करत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांना माहीत होतं. मला माहीत असतं तर मी तेव्हाच हातपाय हलवले असते. माझा मेहुणा मला सुरतेला बोलावत होता, भिया." मग वांगी परत रचत म्हणाले, "पण गोल काय झाला होता." आणि गिऱ्हाईक आलं म्हणून तिकडे वळले.

महूला मी आणखी एक प्रश्न विचारला होता. सलीमला का नाही नेलं. सुभेदार चटकन म्हणाले, "सलीमला सगळ्यात आधी विचारलं. तो नाही म्हणाला."

"का?"

"ते त्याला विचारा."

मी दुसऱ्याच दिवशी परदेशीपुऱ्यात गेलो. सलीम कढईत ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता. मी सुभेदारांचं म्हणणं सांगितलं. तो हसला. "मुझसे? मुझसे कब पूछा, भिया? पूछते तो चला जाता. पागल थोड़ी हूँ." त्याने ट्यूब घासली, ठिगळ लावलं, हातोडीने ठोकलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.  दोघांतला एक खोटं बोलत होता आणि दोघांच्या तोंडावर मला खोटं दिसत नव्हतं. सुभेदारांना लोकांच्या तोंडावर सगळं दिसायचं, मला कोणाच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. विन्याला मी यातलं काही सांगितलं नाही. पण तो आमच्याच घरात राहत होता आणि आईला मी सांगितलं होतं, तेव्हा त्याला कळलं असणारच.

पुढे बरीच वर्षं गेली. विन्याचं लग्न झालं, त्याने इंदूर-महूच्या वाटेवर राऊला घर बांधलं. मिलच्या जागेवर गवत वाढलं. मग एक दिवस महूहून निरोप आला की सुभेदार गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही चौघे गेलो, मी, विन्या, जगदीश भिया आणि सलीम. विन्या राऊहून थेट येणार होता, तो आधीच पोहोचला होता आणि सलीमपासून दोन खुर्च्या सोडून बसला.

हॉल भरला होता. फौजेतले होते, फॅक्टरीतले होते, महूच्या वस्तीतली मंडळी होती. भंतेजींची वंदना झाल्यावर एकेकाला दोन शब्द बोलायला बोलावलं. फॅक्टरीचे साहेब चांगलं बोलले. मग सूत्रसंचालकाने म्हटलं, सुभेदारांच्या जुन्या मिलमधून कोणी आलं असेल तर यावं. आम्ही सगळ्यांनी जगदीश भियांकडे पाहिलं. ज्या माणसाने पंधरा-वीस वर्षं या एकाच विषयावर चहाचं दुकान दणाणून सोडलं होतं, तो माणूस खुर्चीच्या हाताला धरून बसला. म्हणाला, मला जमणार नाही, मी काय सांगू, चांगलं की वाईट?

तेव्हा सलीम उठला. माइकजवळ गेला. त्याला माइकची सवय नव्हती, तो फार लांबून बोलला.

"साहब ने पिथमपूर के लिए सबसे पहले मुझसे पूछा था," तो म्हणाला. "मैंने ही मना किया था. अम्मी को दिन-दिन भर अकेला छोड़के जाना नहीं था. यहाँ कुछ लोगों को ये बात मालूम नहीं है, इसलिए बोल रहा हूँ."

एवढंच बोलून तो परत येऊन बसला. यावेळी विन्याच्या शेजारी, कारण त्याच्या स्वतःच्या खुर्चीवर कोणीतरी म्हातारी बाई बसली होती. विन्या समोर बघत राहिला. 

बाहेर आलो तेव्हा उन्हं कलली होती. बसस्टँडवर विन्या तिकिटं काढायला गेला. जगदीश भिया पाणी शोधत होते. मी सलीमला बाजूला घेतलं आणि म्हटलं, तू तर मला सांगितलं होतंस की त्यांनी विचारलंच नाही. मग आज? तेव्हा खोटं होतं की आत्ता?

सलीमने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या नखांत ग्रीसचं काळं कायमचं बसलेलं होतं.

"अब ये मानो कि पूछा था, भिया," तो म्हणाला. "ऐसा ही रहने दो."

मी आणखी काही विचारणार तेवढ्यात बस आली. गर्दी होती. जगदीश भियांना आणि मला मागे जागा मिळाली. पुढे दोघांच्या बाकावर सलीम खिडकीशी आणि विन्या त्याच्या शेजारी. इतक्या वर्षांत ते दोघे पहिल्यांदाच एका बाकावर बसले होते. काय बोलतात ते मागून ऐकू येत नव्हतं.  थोड्या वेळाने सलीमची मान कलली, तो झोपला, आणि त्याचं डोकं विन्याच्या खांद्यावर आलं.

जगदीश भियांनी मला कोपराने ढोसलं. मग हळूच म्हणाले, सुभेदारांनी विचारलं असेल का रे खरंच? 

राऊ आलं. कंडक्टरने दोनदा आवाज दिला. विन्याचं घर तिथून दिसतं, गच्चीवर त्याच्या बायकोने वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते. माणसं उतरली, चढली. विन्या खांदा न हलवता तसाच बसून राहिला, आणि बस सुटली तेव्हा त्याने कंडक्टरला बोटाने खूण करून इंदूरचं तिकीट मागितलं.